नाकातल्या स्वॅबपासून डुकरांच्या शेडपर्यंत: नेदरलँड्समधल्या एका एमआरएसएचं प्रकरण

पार्श्वभूमी

२००४ साली नेदरलँड्समध्ये सहा महिन्यांच्या एका मुलीच्या छातीची शस्त्रक्रिया ठरली होती. शस्त्रक्रियेआधीच्या नेहमीच्या तपासणीत तिच्या स्वॅबमध्ये एमआरएसए निघाला, म्हणजे मेथिसिलिन या पेनिसिलिन गटातल्या औषधाला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. या जंतूमुळे मुलगी आजारी नव्हती. तो फक्त तिच्या अंगावर वस्तीला होता.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस तसा आपल्या नेहमीच्या सहवासातला जंतू आहे. साधारण दर तीन निरोगी माणसांमागे एकाच्या नाकात तो असतो आणि बहुतेक वेळा काही करत नाही. कातडी फाटली, टाके पडले, शिरेत नळी गेली की मात्र तो आत शिरतो आणि गळू, हाडाचा संसर्ग, रक्तातला संसर्ग, हृदयाच्या झडपेचा संसर्ग असं काहीही करू शकतो. एमआरएसएकडे मेकए नावाचं जनुक असतं. त्यामुळे तो पेशीभित्तिका बांधणारं एक वेगळंच प्रथिन तयार करतो आणि पेनिसिलिन व सेफॅलोस्पोरिन गटातली जवळपास सगळी औषधं त्याच्यावर निकामी ठरतात. शस्त्रक्रियेआधी संरक्षणासाठी दिलं जाणारं सेफाझोलिनसुद्धा याच गटातलं आहे. छाती उघडण्याआधी हा जंतू हाती लागणं किती महत्त्वाचं होतं, ते यावरून कळेल.

नेदरलँड्समध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ‘शोधा आणि संपवा’ असं धोरण आहे. ज्याच्याकडे एमआरएसए असण्याची शक्यता आहे त्याला भरती करतानाच वेगळ्या खोलीत ठेवायचं. नाक, घसा आणि मांड्यांमधल्या जागेचे स्वॅब घ्यायचे, शिवाय जखम किंवा नळी असेल तर तिथलाही. अहवाल येईपर्यंत गाऊन, हातमोजे आणि मास्क वापरायचा. मास्क रुग्णापेक्षा नर्सच्या नाकासाठी असतो, कारण नर्सचं नाक हीच जंतूची पुढची वस्ती. जंतू सापडला तर औषधाने तो काढायचा आणि वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांचीही तपासणी करायची. या शिस्तीमुळे डच रुग्णालयांत भरती होणाऱ्या सर्वसाधारण रुग्णांत एमआरएसएचं प्रमाण ०.०३ टक्क्यांच्या आसपास होतं, म्हणजे दहा हजारांत तीन.

प्रश्न

या दहा हजारांतल्या तिघांमध्ये ही मुलगी का यावी, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. धोक्याच्या यादीत त्या वेळी मुख्यतः दोन गोष्टी होत्या: परदेशातल्या रुग्णालयात उपचार घेतलेले आणि आधीच्या एमआरएसए रुग्णाच्या संपर्कात आलेले. मुलगी कुठे परदेशी गेली नव्हती. घरच्यांचे स्वॅब घेतले तेव्हा आईवडील दोघांच्याही अंगावर तोच जंतू निघाला. त्यांच्याही बाबतीत यादीतलं काही लागू नव्हतं. त्यांचा व्यवसाय होता वराहपालन.

या एका माहितीपाशी थांबून विचार करायला हवा. भरतीच्या फॉर्मवर व्यवसायाचा रकाना असतो, पण जंतूंच्या संदर्भात तो कोणी वाचत नसे. डुकरांत एमआरएसए असू शकतो ही कल्पनाच डच डॉक्टरांच्या रोजच्या कामात नव्हती. जनावरांतला एमआरएसए नवा नव्हता: १९७० च्या दशकात बेल्जियममध्ये कासदाह झालेल्या गायींच्या दुधात तो नोंदवला गेला होता. पण तो माणसांकडून आलेला किरकोळ पाहुणा समजला गेला आणि विषय तिथेच राहिला.

निर्णयाची पहिली जागा: शस्त्रक्रिया

अशा वेळी शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकापुढे दोन वाटा असतात. शस्त्रक्रिया थांबू शकत असेल तर आधी जंतू काढायचा. थांबू शकत नसेल तर रुग्णाला वेगळं ठेवून, दिवसातली शेवटची केस म्हणून घेऊन, संरक्षणाला सेफॅलोस्पोरिनऐवजी व्हँकोमायसिन द्यायचं. व्हँकोमायसिन सावकाश, तासभर तरी लावून शिरेतून द्यावं लागतं, म्हणून ते चिरा देण्याच्या बरंच आधी सुरू करावं लागतं. घाईत दिलं तर अंग लाल होतं, रक्तदाब पडतो. उशिरा सुरू केलं तर चिरा देताना ऊतींत पुरेसं औषध पोचलेलं नसतं.

जंतू काढण्याची पद्धत सोपी वाटते: मुपिरोसिनचं २ टक्क्यांचं मलम दोन्ही नाकपुड्यांत दिवसातून तीनदा, पाच दिवस. जोडीला त्याच पाच दिवसांत रोज निर्जंतुक साबणाने अंग आणि केस धुणं, टॉवेल, आतले कपडे आणि अंथरूण बदलणं. मग औषध थांबवून काही दिवस जाऊ द्यायचे आणि आठवड्याच्या अंतराने तीनदा स्वॅब घ्यायचे. तिन्ही वेळा नकारात्मक आले तरच जंतू गेला असं मानायचं. औषध चालू असतानाच स्वॅब घेणं ही नेहमीची चूक आहे; त्याचा नकारात्मक अहवाल काहीच सांगत नाही. दुसरी चूक म्हणजे घरातल्या एकावरच उपचार करणं. सगळ्या घराने एकाच वेळी करायला हवेत.

वराहपालक कुटुंबांत हे सगळं नीट करूनही जंतू परत येतो, असं पुढच्या काळात वारंवार दिसलं. बाप पाच दिवस मलम लावतो आणि सहाव्या दिवशी शेडमध्ये जाऊन हजार डुकरांच्या धुळीत श्वास घेतो. उगम जागेवर असताना माणसाचं नाक धुण्याला फारसा अर्थ राहत नाही. म्हणून डच मार्गदर्शनात पुढे असं ठरलं की जनावरांशी रोजचा संपर्क चालू असलेल्या माणसाचा जंतू काढण्याच्या मागे सरसकट लागू नये. शस्त्रक्रियेआधी तेवढ्यापुरता प्रयत्न करावा आणि त्या काळात त्याला शेडमध्ये जाऊ देऊ नये.

निर्णयाची दुसरी जागा: प्रयोगशाळेतला न कापला जाणारा डीएनए

जंतू कुठून आला हे शोधायला त्याची ओळख पटवावी लागते. त्या काळची प्रमाण पद्धत अशी: जंतूचा डीएनए स्माय-वन नावाच्या एन्झाइमने कापायचा, तुकडे विजेच्या साहाय्याने जेलमधून पळवायचे आणि उमटलेल्या पट्ट्यांचा नकाशा आधीच्या नकाशांशी ताडून पाहायचा. या कुटुंबाच्या जंतूचा डीएनए कापलाच जाईना. जेलवर पट्ट्याच नव्हत्या.

असा निकाल आला की पहिला संशय स्वतःच्या हातावर जातो: एन्झाइम शिळं झालं, डीएनए नीट सुटला नाही. पुन्हा करूनही तेच आलं तर ‘टाइप करता न येणारा’ असा शिक्का मारून पुढे जाण्याचा मोह होतो. हा शिक्का म्हणजे खरं तर प्रयोगाचं अपयश. या वेळी मात्र तोच ओळखीची खूण ठरला. कारण पुढे कळलं: या वंशाच्या जंतूंकडे डीएनएवर मिथाइल गट चिकटवणारं एक वेगळं एन्झाइम असतं. ते नेमक्या त्याच जागा झाकून टाकतं जिथे स्माय-वन कापतं. मग दुसऱ्या पद्धती वापरल्या गेल्या. स्पा नावाच्या एका जनुकाच्या क्रमावरून अनेक नमुने टी-१०८ या प्रकाराचे निघाले आणि सात जनुकांच्या क्रमावरून सगळे एकाच घराण्यात बसले: एसटी-३९८.

हे जंतू डच प्रयोगशाळांत २००३ मध्ये प्रथम दिसले होते. २००६ अखेर देशात सापडणाऱ्या एकूण एमआरएसएमध्ये त्यांचा वाटा २० टक्क्यांच्या वर गेला. ‘टाइप न होणारे’ नमुने वेगळे काढून त्यांच्या रुग्णांत काय समान आहे हे आधीच विचारलं असतं, तर कदाचित मुलीच्या आधीच उत्तर मिळालं असतं. अपयशी ठरलेले निकाल मोजत राहावेत, हे या टप्प्यावरून सहज लक्षात येतं.

निर्णयाची तिसरी जागा: शेतकऱ्यांकडे जायचं का?

एका कुटुंबावरून निष्कर्ष काढता येत नाही. डॉक्टरांपुढे पर्याय होते: प्रकरण अपवाद मानून बंद करणं, फक्त त्या शेतावर तपास करणं किंवा त्या भागातल्या इतर वराहपालकांचे स्वॅब घेणं. तिसरा पर्याय अवघड होता. ही माणसं रुग्ण नव्हती. सकारात्मक निघाली तर पुढच्या वेळी रुग्णालयात त्यांना वेगळ्या खोलीत टाकलं जाणार, गावात बोभाटा होणार, डुकरांच्या भावावर परिणाम होणार. शिवाय त्यांना देण्यासारखा खात्रीचा उपाय नव्हता.

तरीही २६ वराहपालकांचे स्वॅब घेतले गेले. ६ जणांकडे एमआरएसए निघाला, म्हणजे २३ टक्के. सर्वसाधारण रुग्णांच्या ०.०३ टक्क्यांशी तुलना करता हे प्रमाण ७६० पटींहून जास्त. नमुना लहान होता, पण फरक इतका मोठा की योगायोगाला जागा उरली नाही. डुकरांकडून पालकाकडे, पालकाकडून कुटुंबाकडे आणि रुग्णालयात रुग्ण व नर्स यांच्यात हा जंतू गेल्याचे पुरावेही त्याच अभ्यासात मिळाले.

त्याच सुमाराला दुसरं एक कुटुंब समोर आलं. बाळंत बाईला स्तनदाह झाला आणि पुवात एमआरएसए निघाला. नवरा वराहपालक. बाळाच्या अंगावर, नवऱ्याच्या अंगावर आणि शेतावर काम करणाऱ्या तिघांच्या अंगावर तोच जंतू. शेतावरच्या १० डुकरांचे स्वॅब घेतले, तर ८ डुकरांत तो सापडला.

मग देशातल्या ९ कत्तलखान्यांत ५४० डुकरांची तपासणी झाली. ३९ टक्के डुकरांच्या नाकात एमआरएसए होता. डुकरं जिथून आली त्या ५४ कळपांपैकी ४४ कळपांत तो सापडला. प्रश्न आता एका मुलीचा राहिला नव्हता. तेव्हा देशात सुमारे १.६ कोटी माणसं आणि १.१ कोटीहून जास्त डुकरं होती.

रुग्णालयांनी काय केलं

२००६ मध्ये धोक्याच्या यादीत ‘जिवंत डुकरांशी संपर्क’ ही ओळ घातली गेली. पुढे मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या वासरांचाही समावेश झाला, कारण तिथेही तोच जंतू निघाला. आता अशा शेतावरून येणाऱ्याला भरती होतानाच वेगळी खोली मिळू लागली. साहजिकच नोंदवलेले एमआरएसए वाढले. आकडा वाढला म्हणून धोरण फसलं असं काहींना वाटलं, पण आधी न दिसणारं दिसू लागलं होतं.

खर्च मोठा होता. वेगळ्या खोल्या मोजक्या असतात आणि वराहपट्ट्यातल्या लहान रुग्णालयांत त्या पुरेनात. म्हणून हा वंश रुग्णालयात खरंच किती पसरतो हे मोजलं गेलं. इतर एमआरएसएच्या तुलनेत तो रुग्णालयात सुमारे सहापट कमी पसरतो असं निघालं. दुसऱ्या एका अभ्यासाने धुळीचा मुद्दा स्पष्ट केला: शेतावर नमुने गोळा करायला थोडा वेळ जाऊन आलेल्या माणसांपैकी १७ टक्क्यांच्या नाकात भेटीनंतर लगेच जंतू सापडला, पण त्यातल्या ९४ टक्क्यांचं नाक २४ तासांत मोकळं झालं. म्हणजे ‘सकारात्मक’ या शब्दाचे दोन अर्थ होतात: नाकात आलेली धूळ आणि नाकात झालेली वस्ती. एका स्वॅबवरून दोन्हींतला फरक कळत नाही. कामाच्या दिवशी संध्याकाळी घेतलेला आणि दोन दिवसांच्या सुट्टीनंतर घेतलेला स्वॅब वेगळं सांगू शकतो.

जंतू डुकरांत रुजला कसा

या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हा आहे. २०१२ मध्ये १९ देशांतल्या ८९ नमुन्यांचे संपूर्ण जनुकीय क्रम ताडून पाहिले गेले. निष्कर्ष असा की या घराण्याचे पूर्वज माणसांतले होते आणि मेथिसिलिनने मरणारे होते. ते माणसांकडून डुकरांत गेले. तिथे माणसाच्या प्रतिकारशक्तीला चुकवणारी जनुकं त्यांनी गमावली आणि टेट्रासायक्लिन व मेथिसिलिनविरोधी प्रतिकार मिळवला. मग तेच जंतू माणसांकडे परत आले. आपणच दिलेला जंतू शेडमध्ये शस्त्रसज्ज होऊन परतला.

शेडमध्ये हे घडायला काय कारण झालं, ते औषध देण्याच्या पद्धतीत दिसतं. पिल्लं तीन-चार आठवड्यांची झाली की आईपासून तोडतात. अंगावरचं दूध बंद, कोरडा खुराक सुरू, वेगवेगळ्या वेतांची पिल्लं एका कप्प्यात, जागा नवी. हगवण आणि खोकला इथेच लागतो. त्या काळी उपाय सोपा होता: सगळ्या कप्प्याच्या खाद्यात किंवा पाण्यात टेट्रासायक्लिन, सल्फा-ट्रायमेथोप्रिम किंवा कोलिस्टिन. यात अडचण अशी की आजारी पिल्लू कमी खातं, म्हणून त्याला औषध कमी मिळतं. धडधाकट पिल्लू भरपेट खातं आणि त्याला गरज नसताना पूर्ण मात्रा मिळते. पाण्याच्या नळ्यांत चिकट थर जमतो, त्यात औषध साचतं आणि उपचार संपल्यावरही दिवसेंदिवस थोडं थोडं झिरपत राहतं. जंतू न मारता त्याला सरावायला शिकवणारी मात्रा यापेक्षा चांगली कोणी बनवू शकत नाही. या वंशाचे जवळपास सगळे जंतू टेट्रासायक्लिनला प्रतिकार करतात, ते उगाच नाही.

प्रतिजैविक नसलेली एक गोष्टही यात होती: झिंक ऑक्साइड. हगवण रोखायला युरोपात अनेक ठिकाणी ते दूध तोडलेल्या पिल्लांच्या खाद्यात मोठ्या मात्रेत घालत. या जंतूंच्या ज्या जनुकखंडावर मेथिसिलिनचा प्रतिकार असतो, त्याच्यावरच अनेकदा जस्त सहन करण्याचं जनुकही बसलेलं असतं. म्हणजे जस्त दिलं तरी एमआरएसएलाच फायदा. युरोपीय संघाने जून २०२२ पासून औषधी मात्रेतलं झिंक ऑक्साइड बंद केलं.

आणि एक विरोधाभास. माणसांसाठी प्रतिजैविकं वापरण्यात नेदरलँड्स युरोपात सगळ्यात काटकसरी देशांपैकी होता, तर जनावरांसाठी सगळ्यात उधळ्यांपैकी. वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालण्यावर युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंदी घातली. पण ती औषधं जसजशी कमी झाली तसतशी ‘उपचारासाठी’ म्हणून होणारी विक्री वाढत गेली. नाव बदललं, पिंप तेच राहिलं.

शेडसाठी कोणते पर्याय होते

पहिला पर्याय कळप रिकामे करण्याचा: सगळी जनावरं काढायची, शेड धुऊन, वाळवून, निर्जंतुक करून जंतूमुक्त जनावरं आणायची. नॉर्वेने २०१३ नंतर हाच मार्ग घेतला आणि तो यशस्वी झाला. पण नॉर्वेत बाधित कळप मोजके होते. नेदरलँड्समध्ये ५४ पैकी ४४ कळप बाधित निघाल्यावर जंतूमुक्त जनावरं आणणार कुठून? हा पर्याय २००० च्या आसपास कदाचित शक्य होता, २००७ मध्ये नव्हता.

दुसरा पर्याय शेडची स्वच्छता आणि निर्जंतुकीकरण वाढवण्याचा. वासरांच्या शेतांवर हे करून पाहिलं गेलं, पण औषध कमी करण्याच्या जोडीला निर्जंतुकीकरण घालून अपेक्षित लाभ मिळाला नाही. जंतू जनावरांच्या नाकात आणि धुळीत असतो. भरल्या शेडची जमीन धुऊन तो जात नाही.

तिसरा पर्याय प्रतिजैविकांचा वापरच कमी करण्याचा. यात एमआरएसए जाईल याची खात्री नव्हती, पण फायदा फक्त एमआरएसएपुरता नव्हता. याच काळात कोंबड्यांच्या मांसावर सेफॅलोस्पोरिन फोडणारे ई. कोलाय सापडू लागले होते आणि सार्वजनिक दबाव वाढत होता.

केलेली कारवाई

सरकारने २००९ हे आधारवर्ष धरून उद्दिष्टं ठरवली: २०११ पर्यंत २० टक्के, २०१३ पर्यंत ५० टक्के आणि २०१५ पर्यंत ७० टक्के घट. नुसत्या उद्दिष्टांनी काही झालं नसतं. चार गोष्टींनी काम झालं.

एक, प्रत्येक शेतकऱ्याने एकाच पशुवैद्याशी लेखी करार करायचा. औषधासाठी तीन दारं फिरणं बंद झालं आणि शेताचं आरोग्य सुधारण्याची जबाबदारी एका माणसावर आली.

दोन, प्रत्येक चिठ्ठी मध्यवर्ती नोंदणीत. २०१० मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र संस्थेने त्यावरून प्रत्येक शेतासाठी ‘वर्षात सरासरी जनावराला किती दिवस औषध मिळालं’ हा आकडा काढायला सुरुवात केली. नुसते किलो मोजले असते तर फसगत झाली असती. नवी, तीव्र औषधं कमी ग्रॅममध्ये लागतात, त्यामुळे स्वस्त टेट्रासायक्लिन सोडून फ्लुरोक्विनोलोनकडे वळलेल्या शेतकऱ्याचे किलो घटले असते आणि धोका वाढला असता.

तीन, शेतांची आपसातली तुलना. आकडा एका मर्यादेपलीकडे गेला की सावध व्हायचं, दुसऱ्या मर्यादेपलीकडे गेला की ताबडतोब उपाय करायचे. पुढे पशुवैद्यांचीही अशीच तुलना सुरू झाली. हे महत्त्वाचं, कारण औषध लिहिणारा आणि विकणारा तिथे एकच असतो. विक्रीचा हक्क काढून घ्यावा का यावर बराच वाद झाला. शेवटी तो ठेवला, पण लिहिणाऱ्याचा आकडा उघड केला.

चार, औषधांची उतरंड. तिसऱ्या क्रमांकाची औषधं, म्हणजे फ्लुरोक्विनोलोन आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीतली सेफॅलोस्पोरिन, फक्त एकेका जनावराला आणि कल्चर-सेन्सिटिव्हिटीने (जंतू वाढवून कुठलं औषध लागू पडतं हे पाहण्याच्या तपासणीने) दुसरा पर्याय नसल्याचं दिसल्यावरच. हॅचरीत कोंबडीच्या पिल्लांना सेफ्टिओफर हे तिसऱ्या पिढीतलं सेफॅलोस्पोरिन टोचण्याची पद्धत २०१० मध्ये थांबली.

शेतावर या घटीची जागा भरली ती साध्या गोष्टींनी: सर्कोव्हायरस आणि मायकोप्लाझ्माच्या लसी, पिल्लं २१ ऐवजी २८ दिवसांनी तोडणं, एका वेताची पिल्लं दुसऱ्या मादीखाली न सरकवणं, कप्पा पूर्ण रिकामा करून धुऊन वाळवून मगच पुढची तुकडी भरणं, खाद्यातली प्रथिनं बेताची ठेवणं, पिल्लांच्या अंगावर वारा न येऊ देणं. यातलं काहीच नवं नव्हतं. पूर्वी औषध स्वस्त होतं म्हणून हे करण्याची निकड कोणाला वाटत नव्हती.

परिणाम

२००९ मध्ये जनावरांसाठी ४९५ टन प्रतिजैविकं विकली गेली होती. २०१४ मध्ये विक्री २०७ टनांवर आली, म्हणजे ५८ टक्के घट. घट पुढेही चालू राहिली. ७० टक्क्यांचं उद्दिष्ट २०१५ मध्ये गाठता आलं नाही, पण वराहपालन कोसळेल ही भीतीही खरी ठरली नाही. ई. कोलायमधला प्रतिकार बहुतेक जनावरांत उतरला. ब्रॉयलर कोंबड्यांतले सेफॅलोस्पोरिन फोडणारे जंतू स्पष्टपणे कमी झाले.

डुकरांतला एमआरएसए मात्र त्या प्रमाणात हटला नाही. ज्या शेतांवर वापर घटला तिथे काही परिणाम दिसला, पण एकंदर कळपांत तो टिकून राहिला. डुकरांशी कधीच संबंध न आलेल्या काही माणसांतही हा वंश सापडतो. एकदा जंतूने नव्या यजमानाशी जुळवून घेतलं की ज्या दाबामुळे तो निवडला गेला तो दाब काढूनही तो घर सोडत नाही. प्रतिजैविक कमी केल्याने पुढचा एसटी-३९८ तयार होण्याची शक्यता घटते. तयार झालेला परत जात नाही. म्हणून ही कारवाई अयशस्वी म्हणता येत नाही, पण मुलीच्या स्वॅबमधल्या जंतूपुरती ती उशिरा आली.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट, जनावरांची नियमित तपासणी आधी सुरू व्हायला हवी होती. देशात जनावरांतल्या प्रतिकाराचं सर्वेक्षण होतं, पण ते साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर, ई. कोलाय यांसारख्या अन्नातून येणाऱ्या जंतूंवर केंद्रित होतं. स्टॅफिलोकॉकस धुळीतून आणि हाताने येतो, ताटातून फारसा नाही. तिकडे कोणी पाहतच नव्हतं.

दुसरी, पशुवैद्यांना लवकर विचारायला हवं होतं. २००६ मध्ये वराहपशुवैद्यांच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत २७२ जणांचे स्वॅब घेतले, तर १२.५ टक्के सकारात्मक निघाले. रोज वेगवेगळ्या शेडमध्ये जाणारी ही मंडळी म्हणजे चालताबोलता निर्देशक होती.

तिसरी गोष्ट शेतकऱ्यांशी बोलण्याबद्दल. स्वॅब घेण्याआधीच ‘सकारात्मक आलात तर तुमच्यासाठी काय बदलेल’ हे लेखी सांगायला हवं. ज्याला उत्तर द्यायचं नाही तो पुढच्या वेळी भरतीच्या खिडकीवर ‘डुकरं नाहीत’ असं सांगतो आणि सगळी यंत्रणा आंधळी होते.

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी काय लागू पडतं

हे प्रकरण जसंच्या तसं इथे आणता येणार नाही. नेदरलँड्समध्ये जनावरांतला उगम दिसला, कारण माणसांतला जवळपास शून्य होता. भारतातल्या मोठ्या रुग्णालयांतून आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) प्रतिकार-सर्वेक्षणाच्या जाळ्याकडे येणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये एमआरएसएचं प्रमाण ४० टक्क्यांच्या वर आहे. इतक्या गदारोळात गोठ्यातून आलेला एखादा वंश ऐकूच येणार नाही. इथे डुकरांपेक्षा गायी-म्हशींची कास आणि धार काढणाऱ्याचे हात हा महत्त्वाचा दुवा आहे, आणि जंतूचा प्रवास दोन्ही दिशांनी होऊ शकतो. कोलिस्टिन अन्न देणाऱ्या जनावरांसाठी भारतात जुलै २०१९ मध्ये बंद झालं. कासदाहावर अंदाजाने सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची इंजेक्शनं देणं मात्र अजून अनेक ठिकाणी नित्याचं आहे.

कासदाहाचा नमुना नीट घेतला तर बरंच कळतं. पहिलं इंजेक्शन देण्याआधी घ्यायचा. सड धुऊन पूर्ण कोरडा करायचा, टोक ७० टक्के स्पिरिटच्या कापसाने कापूस स्वच्छ निघेपर्यंत पुसायचं, पहिल्या दोन-तीन धारा सोडून द्यायच्या आणि निर्जंतुक बाटली आडवी धरून ५ ते १० मिली दूध घ्यायचं. बर्फावर ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवायचं. चारही सडांचं दूध एका बाटलीत मिसळलं तर कुठला जंतू कुठल्या सडातला हे हातचं जातं.

प्रयोगशाळेत स्टॅफिलोकॉकस ऑरियससाठी ३० मायक्रोग्रॅमची सेफॉक्सिटिन डिस्क, म्हणजे औषध मुरवलेली कागदी चकती, वापरावी. वाढ न झालेल्या वर्तुळाचा व्यास २१ मिमी किंवा कमी असेल तर तो एमआरएसए. इन्क्युबेटर ३५ अंशांच्या वर नको. सवयीने ३७ वर ठेवला तर काही एमआरएसए निसटतात. कुत्र्यांतल्या स्यूडइंटरमीडियस या भाऊबंदासाठी मात्र सेफॉक्सिटिनवर विसंबू नये, तिथे ऑक्सॅसिलिन लागतं. फक्त मेकए जनुकाची पीसीआर (जनुक शोधण्याची चाचणी) करून ‘नाही’ म्हणणंही धोक्याचं. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या गायींच्या दुधातून मेकसी हे वेगळं जनुक असलेला एमआरएसए सापडला. मेकएच्या पीसीआरमध्ये तो दिसत नाही, सेफॉक्सिटिनच्या डिस्कवर बहुतेक वेळा दिसतो.

आणि बरी न होणारी जखम किंवा पुन्हा पुन्हा येणारी गळवं घेऊन आलेल्या माणसाला ओपीडीत एक प्रश्न विचारावा: घरी धार कोण काढतं आणि सध्या कुठल्या जनावराची कास सुजली आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर त्याच्या पुवाचा आणि त्या सडाच्या दुधाचा अहवाल शेजारी ठेवून पाहावा, आणि दोन्ही अहवालांची प्रत त्याच्या डॉक्टरकडे आणि जनावराच्या डॉक्टरकडे एकाच दिवशी जावी.